‘स्वभाव : चोर’ : फँटसी गेम रचणाऱ्या मुलांना खुलं पत्र

मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात एका कॉलेजच्या प्रदर्शनात तुमच्या टेबलापाशी पाऊण तास ठाण मांडून बसलेला, नियमांची वही शेवटाकडून वाचणारा चष्मेवाला माणूस म्हणजे मी. तुमच्यातल्या एकीनं मला चहा आणून दिला आणि एकानं विचारलं, "काका, तुम्ही पण खेळता का?" खेळतो. वीस-बावीस वर्षं झाली. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या मावसभावानं एका सुट्टीत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या, एकेक पात्र घेऊन फासे टाकत गोष्ट खेळायच्या अमेरिकन खेळाच्या नियमांच्या झेरॉक्स आणल्या, तेव्हापासून. पोटापाण्याला मी चादरीची नक्षी काढतो. आधी ग्राफपेपरवर चौकोन रंगवून जेकार्डचे पुठ्ठे टोचायचो, आता तेच कॉम्प्युटरवर. आणि दर रविवारी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका बंद पडलेल्या लूमच्या शेडमध्ये आम्ही सात-आठ जण फासे टाकत बसतो.

तुमचा खेळ मला आवडला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे बराच वेळ तसं वाटणार नाही. परदेशी फँटसीतल्या बौने, एल्फ, ऑर्क यांची तीच ती वरात बाजूला ठेवून दख्खनच्या मातीतल्या सहा जमाती घेऊन खेळ रचावा, हे सोलापुरात बसून कुणाला तरी सुचलं याचा मला खरोखर आनंद झाला. कोळ्यांच्या कार्डावर तुम्ही भरती-ओहोटीचा जो नियम बसवलाय, तो तर मी रविवारच्या खेळात ढापणार आहे.

ढापण्यावरून आठवलं. तुमचं पाचवं कार्ड.

तुमचे नंबर माझ्याकडे आहेत, फोन करून बोलता आलं असतं. पण असं कार्ड लिहिणारे तुम्ही एकटे नाही. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात हल्ली बरीच मुलं आपल्या इतिहासातून फँटसीच्या जमाती घडवताहेत, आणि त्यातल्या प्रत्येक संचात हे पाचवं कार्ड वेगळ्या नावानं असतंच. म्हणून उघड लिहितोय. तुमचं आणि खेळाचं नाव मी कुठेही घेतलेलं नाही, घेणारही नाही.

कार्डावर असं होतं : "जमात : फासेकर. चपळाई +२, बुद्धी −१. अंधारात दिसतं. स्वभाव : चोर. गावकुसाबाहेर राहतात, टोपल्या विणतात, फासे लावतात, रात्री लुटतात. कुणावर विश्वास ठेवत नाहीत." वर एका बाईचं चित्र, कमरेवर डालं, मागे पालं. चित्र सुंदर होतं. मी ते कार्ड तीनदा वाचलं आणि खाली ठेवलं. तुमच्यातल्या एकाला वाटलं मला नियम कळला नाही, त्यानं समजावलं, "काका, हे ‘रोग’ क्लाससाठी, म्हणजे चोरट्या पात्रांसाठी, बेस्ट आहेत."

मी कैकाडी आहे. माझे आजोबा सेटलमेंटमध्ये जन्मले.

सोलापूरकराला ‘सेटलमेंट’ म्हटलं की आज एक वस्ती आठवते. फ्री कॉलनी, शाळा, गल्ल्या. तिला ते नाव कशामुळे पडलं हे विचारलं तर बरेच जण खांदे उडवतात, म्हणून दोन ओळीत सांगतो. १८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. आधी उत्तरेत, आणि १९११ च्या सुधारित कायद्यानंतर मुंबई इलाख्यातही तो लागू झाला. कायदा मांडतानाचा तर्क मोठा सोपा होता : हिंदुस्थानात धंदे बापाकडून लेकाकडे जातात, विणकराचा पोरगा विणकर, सुताराचा सुतार, मग चोराचा पोरगा चोरच. सरकारनं एखाद्या जमातीचं नाव जाहीर केलं की ते चूक आहे असं म्हणायला कोर्टाची वाटही उघडी नव्हती. मग नोंदवही. नाव, जमात, अंगावरच्या खुणा, बोटांचे ठसे. दुसऱ्या गावी जायचं तर पास. ठरलेल्या वेळी हजेरी. आणि ज्यांच्यावर जास्त मेहेरनजर त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणातली वसाहत. सोलापूरची वसाहत मोठी होती, कारण इथं गिरण्या होत्या आणि गिरण्यांना हात लागत होते. आतल्या माणसांना मिलमध्ये कामाला पाठवायचे, सुटी झाली की परत तारेच्या आत.

ती नोंदवही म्हणजे काय, हे तुमच्या-माझ्यासारख्याला चटकन कळेल. कॅरेक्टर शीट, म्हणजे खेळातल्या पात्राची माहिती भरायचा कागद. फरक इतकाच की आजोबांचं शीट दुसऱ्यानं भरलं होतं आणि ‘स्वभाव’ या रकान्यात काय लिहायचं ते त्यांच्या जन्माआधी ठरलं होतं.

मुंबई राज्यानं १९४९ मध्ये हा कायदा काढला, देशभरातला ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. म्हणून ३१ ऑगस्ट हा आमचा विमुक्त दिन. तेव्हा आजोबा विशी-बाविशीतले. पुढची पन्नास वर्षं त्यांनी मिलमध्ये आणि नंतर लूमवर काढली, पण संध्याकाळी दिवेलागणीला ते कुठंही असोत, घराच्या उंबऱ्याशी येऊन पाच मिनिटं उभे राहायचे. आम्हा नातवंडांना वाटायचं देवाला नमस्कार करताहेत. खूप नंतर आज्जीनं सांगितलं, ती हजेरीची वेळ होती.

तर, तुम्ही परदेशी खेळांतल्या ‘रेस’, म्हणजे वंश, या शब्दाचं भाषांतर ‘जमात’ केलंत, आणि त्या शब्दाखाली ‘स्वभाव : चोर’ लिहिलंत. दीडशे वर्षांपूर्वी एका कायद्यानं हेच दोन शब्द असेच एकाखाली एक लिहिले होते. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं, हे मला पक्कं कळलंय. कुणाच्या डोळ्यांत खोट नव्हती. महाराष्ट्राच्या यादीत विमुक्त जाती चौदा आहेत; तुम्ही कैकाड्याची टोपली, पारध्याचा फास आणि आणखी कुणाचं पाल घेऊन त्या सगळ्यांचं मिळून एक कार्ड केलंत. पण हा माणूस तुम्हाला भेटला कुठं? सेटलमेंटमध्ये तर नाही. अशोक चौकातून रिक्षानं दहा मिनिटांवर असलेल्या त्या वस्तीत तुमच्यातलं कुणी गेलेलं नाही, मी विचारलं होतं.

तो तुम्हाला परदेशी खेळांत भेटला. तिथला त्याचा प्रवास मात्र ऐकण्यासारखा आहे.

१९८३ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’साठी एक भुताटकीचं साहस निघालं. धुक्यात वेढलेलं खोरं, किल्ल्यात रक्तपिपासू सरदार, आणि खोऱ्यात भटक्यांचा तांडा : पत्ते बघून भविष्य सांगणारी म्हातारी, शाप, हातचलाखी, सरदाराची चाकरी. पुढे या भटक्यांना ‘विस्तानी’ असं नाव मिळालं. हे लोक कुणावरून घेतले ते युरोपातल्या पोरालाही कळायचं. रोमा. २०२० मध्ये तो खेळ काढणाऱ्या कंपनीनं जाहीरपणे कबूल केलं की विस्तानींच्या चित्रणात रोमा लोकांबद्दलचे जुने पूर्वग्रह उतरले आहेत, आणि पुढच्या छपाईत मजकूर बदलला.

आता रोमा कोण? हजारएक वर्षांपूर्वी आपल्याच उपखंडातून पश्चिमेकडे गेलेली माणसं. त्यांच्या भाषेत पाचाला ‘पांज’ म्हणतात, दहाला ‘देश’, विसाला ‘बिश’. युरोपात त्यांच्यावर काय काय कायदे झाले ते वेगळं सांगत नाही. आजोबांना ते वाचून दाखवले असते तर ते नुसते "हं" म्हणाले असते. म्हणजे इथून गेलेल्या माणसांचं तिकडं भूत केलं गेलं, ते भूत खेळात शिरलं, खेळाबरोबर बोटीनं आणि मग इंटरनेटनं फिरत फिरत सोलापूरला आलं, आणि तुमच्या कार्डावर बसून थेट आमच्या दारात उभं राहिलं. ओळखीचं वाटलं म्हणून तुम्ही त्याला दख्खनी कपडे घातले. बस्स.

"काका, तो फक्त गेम आहे," हे वाक्य मी तुमच्या वयात स्वतः म्हटलेलं आहे, तेव्हा त्यावर फार बोलत नाही. खेळ म्हणूनच बोलू. खेळ म्हणूनसुद्धा ते कार्ड कच्चं आहे, आणि ते कच्चेपण त्या सबंध जुन्या पद्धतीत आहे.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९७४ च्या पहिल्या नियमांत बौना लढवय्या सहाव्या पातळीपुढं जाऊच शकत नव्हता. माणूस कुठवरही जावा, बौन्यानं सहावर थांबावं. का? बौना म्हणून. १९८१ च्या सोप्या आवृत्तीत तर ‘बौना’ हा वंशही होता आणि धंदाही. माणूस चोर होई, पुजारी होई, जादूगार होई, बौना फक्त बौना होई. त्याच्या आधी १९७८ च्या नियमपुस्तकात एक तक्ताच दिला होता : कोणत्या वंशाला कोणता वंश आवडतो, कुणाचं कुणाशी पटत नाही, कोण कुणाचा द्वेष करतो. जन्मानं धंदा, जन्मानं मर्यादा, कुणाशी उठबस करायची त्याचा तक्ता. अमेरिकेतल्या मंडळींना हे नवीन रचल्यासारखं वाटलं असेल. आपल्याकडे याला शब्द आहे आणि तो शब्द शोधायला शब्दकोश लागत नाही.

गंमत अशी की तो खेळ स्वतःच तिथून हलला. २०२४ च्या नियमपुस्तकात ‘रेस’ हा शब्द गेला, त्याजागी ‘स्पीशीज’ आला. पण माझ्या मते शब्दापेक्षा मोठा बदल दुसरा आहे : बळ, चपळाई, बुद्धी यांचे वाढीव गुण आता जन्मावरून मिळत नाहीत, पार्श्वभूमीवरून मिळतात. तू आधी काय करत होतास? शेतावर राबलास, देवळात शिकलास, पहारा दिलास? त्यावरून. पन्नास वर्षं लागली, पण गुण रक्तातून निघून हातात आला. आणि तुम्ही सोलापुरात, २०२४ नंतर, नवाकोरा खेळ रचताना तो परत रक्तात ढकललात.

(‘स्पीशीज’चं ‘प्रजाती’ करूनही आपलं भागत नाही, हे आपलं माझं मत. मगर आणि माणूस या प्रजाती झाल्या. विणकर आणि कोळी या प्रजाती नाहीत, उद्या त्यांची लग्नं होतील. ‘लोक’ म्हणा. विणकर लोक, कोळी लोक. साधा शब्द आहे, मराठीत कधीचा चालतोय.)

बौन्यांचं अजून थोडं. आज आपण खेळात जो बौना बघतो, दाढी, कुऱ्हाड, दारू आणि स्कॉटिश हेल, तो बराच अलीकडचा. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टोल्किन यांनी त्यांच्या बौन्यांची नावं जुन्या नॉर्स कवितेतून उचलली हे सगळे सांगतात. पण १९५५ मधल्या एका पत्रात त्यांनी लिहिलंय की बौने त्यांना ज्यूंसारखे वाटतात : जिथं राहतात तिथलेच असून तिथं परके, मुलखाची भाषा बोलतात, पण घरात आपली खाजगी भाषा असल्यानं तिचा हेल जिभेवर राहिलेला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा शेडमध्ये एकटाच होतो. मला आज्जी दिसली. कैकाडी बोली द्राविडी कुळातली, जाणकार तिचं नातं तमिळशी लावतात. आज्जी बाजारात मराठी बोलायची, कानडी गिऱ्हाईक आलं तर कानडी, आणि घरात आमची. मराठी इतकी वर्षं बोलूनही तिचे शब्द शेवटाला जरा लांबायचे, आणि तेवढ्यावरून टोपलीचा भाव पाडणाऱ्या बाया ओळखायच्या, ही कोण. इथलीच, तरी परकी. एका इंग्रज प्राध्यापकाला बौना रचताना ही गोष्ट सुचली, आणि त्याच्या मागून आलेल्यांनी तीच नेमकी टाकून दाढी ठेवली! (ज्यूंचं सोन्याचं वेड असले जुने टोमणेही बौन्यांना चिकटलेत, तेव्हा टोल्किनही अगदी धुतल्या तांदळासारखे आहेत असं नाही. पण हेलाची गोष्ट खरी आहे.)

माझं सगळं म्हणणं इथं येऊन थांबतं. संस्कृती उसनी घ्या, खुशाल घ्या. पण घेताना माणसं कशी जगतात ते घ्या : कोणतं काम, कुणाचं देणं, कोणता रस्ता, कोणती भाषा कुणासमोर, कुणाची वही, कुणाचा पास. त्यातून स्वभाव आपोआप येतो, आणि एका घरात चार येतात.

तुमचं विणकरांचं कार्ड बघा. "शांत, कष्टाळू, सहनशील. संप करत नाहीत." हे कुणी लिहिलं? पूर्व भागात राहणाऱ्याच कुणीतरी लिहिलं असणार, कारण धोटा, कांडी, फणी हे शब्द अचूक आहेत. अरे, पण मे १९३० मध्ये याच गिरणगावात पोलीस गोळीबारानंतर लोक असे उसळले की इंग्रजांचा अंमल तीन-चार दिवस शहरातून उठला होता. मार्शल लॉ पुकारला तेव्हा कुठं तो परत बसला. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिलं : मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. चार पुतळ्यांपाशी तुम्ही रोज उभे राहता, बसची वाट बघत. त्या चार नावांकडे नुसतं खेळाडूच्या नजरेनं बघा. एका कार्डात बसतील असे चार जण आहेत का ते?

लमाणांच्या कार्डावर "भटकी वृत्ती, एका जागी राहू शकत नाहीत" आहे. वृत्ती कसली? वाहतूक होती ती. हजारो बैलांवर धान्य आणि मीठ लादून तांडे दख्खन पालथी घालायचे. मुघलांच्या फौजा यांच्या धान्यावर चालायच्या. मग रेल्वे आली. बैलांचा धंदा बसला, आणि कालचे पुरवठादार सरकारच्या वहीत संशयित झाले. यात केवढा खेळ आहे! फौजेला धान्य द्यायचं की वाटेतल्या दुष्काळी गावाला? दोन्ही राजे गिऱ्हाईक असतील तर कुणाची वाट धरायची? तुम्ही हे सगळं ‘वृत्ती’ या एका शब्दावर उडवलंत आणि वर "वेग +१" दिलात.

मग सगळ्यांना गोड गोड करायचं का? अजिबात नको. मला चोर हवेत, दगाबाज हवेत, शेडमधल्या पोरांना तर भलतेच हवेत. माझ्या पणज्यानं कधी चोरी केलीच नाही असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. दुष्काळात कणगी विणणाऱ्याच्या घरात कणगी रिकामी असते. पण तो चोर असेल तर तो, त्या वर्षी, त्या भुकेनं. त्याच्या नातवाच्या −१ बुद्धीत ते कसं जातं?

आणि राक्षसांचंही तेच. त्याच अमेरिकन खेळाच्या १९७७ च्या प्रसिद्ध राक्षस-कोशात आपला ‘राक्षस’ आहे : वाघाचं डोकं, तळवे उलटे, तोंडात पाइप, आणि आतून बाहेरून दुष्ट. चित्र मला लहानपणापासूनच्या सगळ्या चित्रांत जास्त आवडतं, खोटं कशाला बोला. पण आपल्याकडचा राक्षस असा एकसुरी कधी होता? बिभीषण त्याच घरातला. घटोत्कच अर्धा तिकडचा, मेला इकडून. बळी तर असुरांचा राजा, आणि दिवाळीत पाडव्याला आपल्या घरच्या बाया ओवाळताना म्हणतात, इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो. बाळे गावच्या खंडोबाला जाता ना? मणी आणि मल्ल दोघे सख्खे भाऊ, दोघे दैत्य. मणी शरण आला, त्याला देवाजवळ जागा मिळाली, त्याची पूजा होते. मल्लाचं डोकं पायरीशी. एकाच रक्ताचे दोघे, दोन शेवट. आज्या-पणज्यांच्या कथेत जी बारकाई आहे ती तुमच्या सहा कार्डांत नाही, ही लाजेची नाही पण कामाला लागण्याची गोष्ट आहे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’नं २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ काढला; सर्कशीतली मुलगी, देव, दैत्य, राजस्थानी किल्ल्यासारखे महाल. म्हणजे इथं बसून, इथलं घेऊन जगभर विकला जाणारा खेळ होतो. तुमच्याकडूनही होईल.

आता माझं पाप सांगतो. प्रदर्शनातून निघताना मी ते पाचवं कार्ड खिशात घातलं. (हो. चपळाई +२.) घरी येऊन ते पुन्हा लिहिलं आणि पुढच्या रविवारी खेळात आणलं. माझं कार्ड असं :

"लोक : टोपलीवाले. राजाच्या वहीत या घराचं नाव आहे. दिवेलागणीला वेशीवर हजेरी. चुकली तर पूर्ण वस्तीचं पाणी बंद. टोपली, कणगी, डालं विणण्याचं काम : बोटांची चपळाई ज्यानं हे काम शिकलं त्याला, मग तो कुणाचाही असो. घरची भाषा बाहेरच्याला येत नाही. तिच्यात बोललेलं शिपायाला कळत नाही."

‘स्वभाव’ हा रकाना मी ठेवलाच नाही.

त्या रविवारी टेबलावर सात जण होते. माझी भाची पहिल्यांदा आली होती, अकरावीत आहे. तिनं टोपलीवालीचं पात्र घेतलं. गोष्ट साधी होती : तिचा धाकटा भाऊ तापानं फणफणलाय, वैद्य दोन कोस लांब, आणि दिवेलागण व्हायला आलीय. गेली तर हजेरी चुकते, थांबली तर भाऊ जातो. आमच्यातले जुने खेळाडू लगेच फासे हातात घेऊन बसले : शिपायाला मार, अंधारातून सटक, वही जाळ. एक जण म्हणाला, "अगं, तुला तर अंधारात दिसतं की!" मी म्हटलं, दिसत नाही, ते कार्ड बदललंय.

भाची पाचेक मिनिटं काही बोलली नाही. मग तिनं विचारलं, "शिपाई तोंडं बघून हजेरी घेतो का नाव पुकारून?"

मी याचा विचारच केला नव्हता. म्हटलं, नाव पुकारतो. कंदील एकच आहे.

"मग मी निघते. माझं नाव आलं की माझी चुलती ‘हजर’ म्हणेल. चुलतीचं आलं की शेजारीण म्हणेल. आवाज बदलून."

"आणि हे ठरवायचं कधी? शिपाई समोर उभा आहे."

"आमच्या भाषेत. त्याला कळत नाही म्हणून लिहिलंय की इथं."

मग त्या शेडमध्ये दहा मिनिटं जे चाललं, ते बावीस वर्षांत चाललं नव्हतं. मी शिपाई होऊन एकेक नाव पुकारत होतो आणि टेबलाभोवतीचे सहाही जण, ज्यांची पात्रं दरबारी, कोळी, विणकर होती आणि ज्यांचा या हजेरीशी काडीचा संबंध नव्हता, वेगवेगळ्या आवाजांत "हजर" म्हणत होते. एकानं म्हातारीचा आवाज काढला. एकही फासा पडला नाही. शेवटचं नाव पुकारलं तेव्हा मला जरा थांबावं लागलं, पोरांना वाटलं मी नियम आठवतोय.

भाचीला पणजोबांच्या उंबऱ्याबद्दल तोपर्यंत माहीत नव्हतं. घरी जाताना स्कूटरवर सांगितलं.

तर कार्ड माझ्याकडे आहे, तुमचं आणि माझं दोन्ही. येत्या कुठल्याही रविवारी चारनंतर शेडमध्ये या, परत करतो. तुमचे विणकर आणि लमाण घेऊन या, बसून नीट करू. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी असते, चहा दोनदा होतो. वाटल्यास सकाळी लवकर या, आधी सेटलमेंटमध्ये जाऊ. माझी एक आत्या तिथंच राहते आणि तिला बोलायला माणसं लागतात.

चित्र मात्र बदलू नका. ज्यानं किंवा जिनं काढलंय तिचा हात चांगला आहे. फक्त एक करा : बाईच्या कमरेवरच्या डाल्याच्या काठाला फोकांची टोकं बाहेर आलेली दाखवलीत. आज्जी निरगुडीच्या फोका वापरायची, आणि काठ आला की प्रत्येक टोक वळवून आत खोचायची, अंगठ्यानं दाबून. तसंच सोडलं तर कमरेला बोचतं, पातळ फाटतं. तेवढी टोकं आत घ्या.

तुमचा,
रविवारच्या टेबलावरचा एक काका,
सोलापूर